दहा चाकीचे पुढचे शॉकअप: कळंबोलीतलं एक प्रकरण

पुढचा डावा टायर उतरवून भिंतीला टेकवला आणि घेरावरून तळहात फिरवला, तर हाताला खळगे लागले. बरोबर झिजलेला टायर सपाट लागतो. अलाइनमेंट बिघडलेली असेल तर तो एका कडेने खाल्लेला असतो. हा मात्र वर, खाली, पुन्हा वर असा लागत होता. अख्ख्या घेरात तीन खळगे, जवळपास सारख्या अंतरावर. टायर घालून चारच महिने झाले होते आणि असा एक टायर वीस हजारांच्या पुढे पडतो. उजव्या टायरलाही खळगे होते, पण उथळ.

त्यांचं मूळ सापडायला जून ते ऑक्टोबर गेला. मधल्या काळात शॉकअप (चाकाची उसळी जिरवणारे शॉक ॲब्सॉर्बर) तीनदा बदलले आणि चेसिसचा एक ब्रॅकेट तडकला. वडिलांनंतर आमच्या सात गाड्यांची देखभाल मी पाहते. कळंबोली-तळोजा पट्ट्यात आमच्यासारखे छोटे मालक पुष्कळ आहेत, आणि दुकानाच्या काउंटरवर शॉकअप निवडताना जी चूक मी केली तीच ते करताना मला दिसतात. म्हणून हे सगळं मोजमापांसकट लिहिते आहे.

गाडी तीन ॲक्सलची, दहा चाकी, २०१६च्या नोंदणीची. काम ठरलेलं: लोखंड बाजारातून पत्र्याच्या कॉइल भरायच्या, एक्स्प्रेसवेने बोरघाट चढायचा, तळेगावला उतरून चाकण गाठायचं. परतीचा माल क्वचित मिळतो, त्यामुळे निम्मं अंतर गाडी रिकामी धावते. पुढे दोन्ही बाजूंना पाटे (स्प्रिंगचं काम करणाऱ्या कमानीच्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या) आणि प्रत्येकी एक शॉकअप. मागच्या जोड ॲक्सलला जाड पाट्यांची चवड आहे, शॉकअप नाहीत. बऱ्याच जणांना ते कंपनीने पैसे वाचवले असं वाटतं. पण जाड चवडीत पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घर्षणातच बरीच उसळी जिरते. पुढची चवड पातळ असते, तिथे घर्षण कमी, म्हणून तिथे शॉकअपवाचून चालत नाही.

मामांनी, म्हणजे ही गाडी चालवणाऱ्या आमच्या जुन्या चालकांनी, टायरच्या आधी तक्रार केली होती. "ताई, रिकाम्या गाडीत पन्नास-साठच्या वेगाला स्टेअरिंग हातात थरथरतं. भरली की गप्प बसते." हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं. भरल्यावर थांबणारी आणि रिकामी असताना होणारी थरथर म्हणजे बहुधा चाक रस्त्यावरून उचललं जातंय. जड गाडीचा पुढचा ॲक्सल सुटा उसळू लागला की सेकंदाला साधारण दहा ते पंधरा वेळा उसळतो. आमच्या टायरचा घेर सव्वातीन मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी ५५ किलोमीटरला तो सेकंदाला पावणेपाच फेऱ्या मारतो. भागाकार केला तर एका फेरीत दोन-तीन उसळ्या येतात. टायरवर खळगेही तीनच होते. चाक प्रत्येक वेळी खाली येताना रबर घासत होतं.

तरीही शॉकअपवर बोट ठेवण्याआधी बाकीचं तपासलं. किंगपिन (ज्यावर पुढचं चाक वळतं ती खीळ) आणि हब बेअरिंगमध्ये ढिलेपणा नव्हता, टाय रॉडचे एंड घट्ट होते. तुर्भ्याला अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घेतलं, थरथर राहिली. मग एका संध्याकाळी गाडी घाट उतरून रिकामी परत आली तेव्हा फाटकातच लेझरचा तापमापक घेऊन उभी राहिले. शॉकअपचं काम म्हणजे उसळीची ताकद तेलात घासून तिची उष्णता करणं, त्यामुळे काम करणारा शॉकअप धावल्यावर तापलेलाच असतो. उजवा ५७ अंश निघाला, डावा ४१. शेजारची चेसिस ३८ होती. डावा जवळपास मेलेला होता. हात लावून पाहायची सवय चांगली नाही, चटका बसतो आणि अंदाजही चुकतो. कार दाबून पाहतात तसं दाबून तर ट्रकमध्ये काहीच कळत नाही.

दिसायलाही तो तेलकट होता. इथे एक फरक लक्षात ठेवायचा: वरच्या सीलपाशी पातळ ओलावा आणि त्यावर चिकटलेली धूळ हे नेहमीचंच आहे, रॉड थोडं तेल वर घेऊन येतो म्हणूनच सील टिकतं. खालच्या नळीवरून ओघळ आला असेल तर मात्र तो गेला. आमच्याकडे ओघळ होता.

इथपर्यंत सगळं बरोबर झालं. चूक पुढे, दुकानात झाली.

जुना शॉकअप घेऊन गेले. दुकानदाराने मॉडेल विचारलं, नवा काढला, दोन्ही काउंटरवर शेजारी उभे केले. "बघा ताई, सेम टू सेम." खरंच सारखे दिसत होते. पण नुसत्या तेलाचा जुना शॉकअप जिथे सोडला तिथेच राहतो, आणि गॅसचा असेल तर सोडल्यावर आपोआप उघडतो. काउंटरवर ते कितीही सारखे दिसले, तरी पूर्ण मिटल्यावर आणि पूर्ण उघडल्यावर त्यांची लांबी किती, हे त्यातून कळत नाही. मी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जोडी घातली (एका ॲक्सलवर कायम जोडीनेच, नाहीतर ब्रेक मारताना आणि वळणावर गाडी ओढते), पाच दिवस स्टेअरिंग शांत राहिलं आणि पाचव्या आठवड्यात डावा पुन्हा ओघळला. दुकानदाराने वाद न घालता बदलून दिला. तोही जुलैअखेर गेला.

तेव्हा मला खात्री वाटली की माल बनावट आहे. बाजारात तसा माल असतोच: खोक्यावरची छपाई किंचित फिकी, वेल्डिंगच्या जागी गाठी, नळीवर बॅच क्रमांक नाही. आमच्या मालात यातलं काही नव्हतं, पण संशय एकदा बसला की माणूस तपासायचं सोडतो. ऑगस्टमध्ये दुसऱ्या दुकानातून जाड नळीचा, जाड रॉडचा, खोक्यावर हेवी ड्यूटी लिहिलेला शॉकअप आणला. गाडी जड, रस्ता वाईट, मग शॉकअप मजबूत हवा, असं गणित मी मांडलं होतं.

ते गणित चुकीचं का, ते पाहू. शॉकअप वजन उचलत नाही. उभ्या गाडीचा सगळा भार पाट्यांवर आणि टायरवर असतो. साधा तेलाचा शॉकअप काढला तरी गाडी तेवढ्याच उंचीवर उभी राहते. त्याचा विरोध हालचालीच्या वेगावर अवलंबून असतो. चाक वर येताना तो थोडा विरोध करतो आणि पाटा चाकाला परत खाली ढकलतो तेव्हा जास्त, बऱ्याचदा तिप्पटीच्या आसपास, कारण पाट्यात साठलेली ताकद तिथेच आवरायची असते. ही जुळणी पाट्याच्या कडकपणाशी बांधलेली असते. खाली येतानाचा विरोध गरजेपेक्षा जास्त झाला तर चाक खड्ड्यात वेळेत खाली पोचत नाही. सिमेंटच्या रस्त्यावर पुढचा सांधा येतो तेव्हा ते अर्धवट वरच असतं. त्यापुढच्या सांध्याला आणखी वर. मामांनी दुसऱ्याच खेपेला सांगितलं, "ताई, कमरेचा भुगा होतोय. रिकामी गाडी दगडासारखी आदळते." त्यांचं वय ५४. मी त्यांना आणखी एक महिना ती गाडी चालवायला लावली, याचं मला अजून वाईट वाटतं.

सप्टेंबरच्या शेवटी शॉकअप शाबूत होता, पण चेसिसवर त्याचा वरचा ब्रॅकेट जिथे बसतो तिथे बोल्टच्या भोकापासून तडा गेला होता.

आता मिस्त्री बोलले. रोडपालीला त्यांचं छोटं गॅरेज आहे आणि ते फार कमी बोलतात. "ताई, शॉकअप तुटत नाही तेव्हा ब्रॅकेट तुटतो. म्हणजे कोणीतरी ओढतंय. आधीचा कापून बघू." जुलैत गेलेला शॉकअप मी टाकून दिला नव्हता. तो नुसत्या तेलाचा होता, म्हणून कापता आला. गॅस भरलेल्याला करवत लावायची नाही, आत दाब असतो. नळी उभी चिरली, तेल काढलं. पिस्टनच्या झडपा ठीक होत्या. रॉडवर वरच्या टोकाला थांबवणारी एक कडी असते, ती एका बाजूने चेपलेली होती आणि जिच्यातून रॉड बाहेर येतो त्या गाइडच्या आतल्या तोंडावर तिचाच ठसा उमटला होता. पुन्हा पुन्हा, पूर्ण उघडून, आतून आदळल्याचा. सील फाटलं होतं ते त्या दणक्यांनी. माल चांगलाच होता. दुकानदाराबद्दल मी मनात जे धरलं होतं ते चुकीचं होतं, आणि पुढच्या वेळी गेले तेव्हा त्यांना तसं सांगितलं.

दसऱ्याला गाड्यांची पूजा झाली, त्यानंतरच्या रविवारी आम्ही गाडी मोजायला घेतली. पद्धत साधी आहे, कोणत्याही गॅरेजमध्ये होते. वरच्या बोल्टच्या मध्यापासून खालच्या बोल्टच्या मध्यापर्यंत टेप लावायची, शॉकअप जसा तिरका बसतो त्याच रेषेत. तीन स्थितींत मोजायचं: गाडी रिकामी उभी असताना, पूर्ण भरलेली असताना, आणि चेसिस जॅकने उचलून घोड्यांवर घट्ट टेकवून चाकं अधांतरी लोंबत असताना. शेवटची स्थिती कोणी मोजत नाही, आणि आमचं उत्तर तिथेच होतं. चौथं माप स्टॉपर रबराचं (मोठ्या दणक्यात पाटा ज्यावर येऊन थांबतो ते चेसिसखालचं रबर): ते पाट्याला जेमतेम टेकेल तेव्हा दोन बोल्टांमध्ये किती अंतर उरेल, ते हिशेबाने काढायचं.

रिकामी: ५९६ मिलिमीटर. भरलेली: ५५३. लोंबती: ६८२. स्टॉपर टेकताना: ४३४.

आणि त्या गाडीसाठी ठरलेला शॉकअप पूर्ण उघडला की होतो ६५५, मिटला की ३९५.

मिस्त्रींनी आकडे पाटीवर खडूने लिहिले आणि काहीच बोलले नाहीत. ६८२ आणि ६५५ यांत २७ मिलिमीटरचा फरक. चाक खड्ड्यात उतरलं की पाटा त्याला ६८२पर्यंत जाऊ देणार, शॉकअप ६५५लाच संपणार. उरलेला वेळ अख्खा ॲक्सल, चाकं, ब्रेक ड्रम सगळं शॉकअपच्या दोन टोकांच्या रबरी बुशांवर लटकणार. पहिल्या जोडीचं पोट कमकुवत होतं, ती आतून फुटली. दुसरी जोडी मजबूत होती, तिने ब्रॅकेट फाडला. डावी बाजू आधी गेली कारण कडेचे खड्डे, गटाराची तोंडं, खचलेली साइडपट्टी डाव्या चाकाच्या वाट्याला येतात. तळेगाव-चाकण रस्ता ज्याने पावसाळ्यात पाहिलाय त्याला हे सांगायला नको. भरलेल्या गाडीत हा त्रास कमी, कारण वजनाने पाटा दबलेला असतो आणि खाली जायला शंभरावर मिलिमीटर उरतात. रिकाम्या गाडीत उरत होते फक्त ५९. मामांचं जूनमधलं वाक्य आता पुरतं उलगडलं.

गाडी इतकी उंच का उभी होती? जानेवारीत चाकणहून येताना पुढचा मुख्य पाटा तुटला होता. कमानवाल्या चाचांनी तो बदलताना विचारलं होतं, "बेटा, एक पाटा जास्तीचा टाकू? लोड असतो ना." मी हो म्हटलं. १४ मिलिमीटर जाडीचा एक पाटा दोन्ही बाजूंना वाढला, वर चवडीचा बाकही वाढला. गाडीचं नाक उचललं गेलं, भरल्यावर ती रुबाबदार दिसायची, मला ते आवडलंही होतं. जानेवारीतला पाटा आणि जूनमधला टायर यांचा संबंध माझ्या डोक्यात आला नाही.

या वाढीव पाट्यामागे एक गैरसमज आहे. जुलै २०१८मध्ये केंद्राने ॲक्सलवरच्या वजनाची मर्यादा वाढवली, तीन ॲक्सलच्या ट्रकची २५ टनांवरून २८.५ टन झाली. तेव्हापासून जुन्या गाडीलाही पाटा वाढवला की ती जास्त वजनाला पात्र झाली असं समजणारे लोक मला भेटतात. आरसीवर जे वजन लिहिलंय ते पाट्याने बदलत नाही. ब्रेक, ॲक्सल, स्टेअरिंग तेच राहतात. आमच्या आरसीवर २५ आहे आणि आम्ही काट्यावर २५च्या आतच भरतो, तर तो पाटा टाकण्याचं कारणच नव्हतं.

माझा पहिला विचार सोपा होता: लांब शॉकअप घेऊ. मिस्त्रींनी पाटीवर त्याचाही हिशेब करून दाखवला, आणि हाच भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो. शॉकअपची मिटलेली लांबी म्हणजे त्याचा स्ट्रोक (रॉड आत-बाहेर जेवढा सरकतो ते अंतर) अधिक बुशच्या कड्या, पिस्टन, झडपा, सील यांनी अडवलेली जागा. आमच्या शॉकअपमध्ये स्ट्रोक २६०, अडलेली जागा १३५, बेरीज ३९५. उघडताना त्यावर आणखी एकदा २६०, म्हणजे ६५५. आता लोंबत्या ६८२वर सुरक्षिततेला साधारण २५ हवेत, म्हणजे उघडी लांबी ७०७. त्यातून १३५ वजा, दोनाने भाग, स्ट्रोक २८६. मग मिटलेली लांबी ४२१. स्टॉपर टेकतो ४३४ला. मधे उरले १३. आणि मोठ्या दणक्यात ते रबर सहज पंधरा-वीस मिलिमीटर दबतं. म्हणजे लांब शॉकअप वरून वाचला असता आणि खालून फुटला असता. जाड नळीच्या शॉकअपमध्ये अडलेली जागा आणखी जास्त, तिथे तर तेवढेही उरले नसते.

थोडक्यात, त्या पाट्यांवर बसेल असा शॉकअप नव्हताच. मी चार महिने नसलेली वस्तू शोधत होते.

चाचांकडे परत गेलो. त्यांना आकडे दाखवले, त्यांनी चष्मा लावून पाटीचा फोटो दोनदा पाहिला. "शॉकअप का हिसाब हमको कोई बताता नहीं, बेटा," एवढंच म्हणाले, आणि ते खरं आहे. कमानवाला पाटे पाहतो, शॉकअपचं दुकान वेगळं, टायरवाला तिसरा, अलाइनमेंटवाला तुर्भ्याला. गाडीचं पुढचं अंग चौघांत वाटलेलं, आणि चौघांचे आकडे एका कागदावर आणायची जबाबदारी माझी होती. दोन्ही बाजूंची चवड मूळ संख्येची, मूळ बाकाची नवी करून घेतली. चवड ॲक्सलला आवळणारे नवे यू बोल्ट घातले. जुने ताणलेले असतात, ते पुन्हा वापरायचे नाहीत. ब्रॅकेट वेल्डिंगने न सांधता नवा बसवला.

पुन्हा मोजलं. रिकामी ५५६, भरलेली ५१८, लोंबती ६३२, स्टॉपर टेकताना ४२०. आता ६५५ उघडणाऱ्या शॉकअपला वर २३ मोकळे, ३९५ मिटणाऱ्याला खाली २५. भरलेल्या गाडीत तो जवळपास मधोमध उभा राहतो, ५२५ हा त्याचा मध्य. मूळ मापाचा शॉकअप त्याच गाडीला असा चपखल बसताना पाहून बरं वाटलं.

उरली खरेदी. ती सोपी होती. चेसिस क्रमांकावरून भाग क्रमांक काढला, त्याच क्रमांकाला लागू असलेले दोन पर्याय होते: गाडीच्या कंपनीच्या खोक्यातला आणि शॉकअप बनवणाऱ्या कंपनीच्या स्वतःच्या खोक्यातला. भारतात हा उद्योग जुना आहे. गॅब्रियल इंडिया १९६१पासून आहे आणि नाशिक-चाकणला तिचे कारखाने आहेत, म्हणजे आमची गाडी ज्या गावाला कॉइल पोचवते तिथेच शॉकअपही तयार होतात. नावावरून मी निवडलं नाही. दोन्हींच्या मिटलेल्या-उघड्या लांब्या, बुशचं आतलं माप आणि रॉडची जाडी कागदावर जुळवली, दोन्ही चालणारे निघाले, दुसरा स्वस्त होता, तो घेतला. बॅच क्रमांक बिलावर लिहून घेतला. ज्यांच्या गाडीला पुढे एअर सस्पेन्शन (पाट्यांऐवजी हवेचे फुगे) आहे त्यांनी मात्र इथली मापं डोळे झाकून लावू नयेत. तिथे फुग्याला जास्त उघडण्यापासून थांबवण्याचं काम बऱ्याचदा शॉकअपवरच सोपवलेलं असतं आणि तो त्यासाठीच मजबूत बनवलेला असतो.

बसवताना दोन गोष्टी मिस्त्रींनी केल्या, ज्या आधीच्या तिन्ही वेळा झाल्या नव्हत्या. दुकानात आडवा पडून राहिलेल्या शॉकअपच्या आतल्या नळीत हवा शिरते, म्हणून प्रत्येक शॉकअप उभा धरून पाच वेळा पूर्ण उघडला-मिटला, मधला पोकळ झटका जाईपर्यंत. आणि बोल्ट आधी नुसते हाताने बसवून गाडी चाकांवर खाली घेतली, मगच कसले. लोंबत्या चाकाला कसले तर रबरी बुश त्याच पीळ पडलेल्या जागी पकडला जातो आणि गाडी खाली आली की जन्मभर मुरगळलेला राहतो. रॉडला पक्कड लावायची नाही, हे त्यांनी पोराला दोनदा बजावलं. क्रोमवर एक चरा पडला की सील गेलंच.

त्यानंतर पाच महिने झाले. पुढचे नवे टायर दर पंधरवड्याला मी स्वतः हाताने पाहते, खळगे नाहीत. घाट उतरून आल्यावर दोन्ही शॉकअप पन्नाशीच्या पुढे असतात, आणि दोघांत तीन-चार अंशांपेक्षा जास्त फरक दिसलेला नाही. मामांनी कमरेला बांधायचा पट्टा सोडला.

आमच्या आणखी दोन गाड्यांचं नाक असंच वर आहे. त्यांतली एक चाचांनी आपणहून सांगितली, "उस में भी डाला था." ती येत्या रविवारी घोड्यांवर चढते आहे.